सहा इंच

भगवान पगारेनं घरातली जमीन वर उचलायची ठरवली ती रस्त्यामुळे, आणि ती तीन इंचांऐवजी सहा इंच उचलली ती समोरच्या धर्मराज गमरेमुळे. रस्त्याला कोण काय बोलणार? म्हणून पुढे जे झालं त्याचा सगळा राग त्यानं धर्मराजवर काढला.

साल एकोणनव्वदचं. अंबरनाथच्या बुवापाड्यात तेव्हा बैठी घरं होती. वर पत्रे नाहीतर कौलं, पुढे दोन-अडीच हात रुंद ओटा आणि ओट्याला लागून गटार. रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी खडी-डांबराचा नवा थर पडायचा. जुना थर उकरून मग नवा टाकावा एवढी सवड कुणाला होती? त्यामुळे रस्ता वर वर जायचा आणि घरं आपोआप खाली जायची. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि एक दिवस बघतो तर रस्त्याच्या खाली! मग पावसाळ्यात गटार घरात यायचं आणि नको असलेल्या पाहुण्यासारखं लवकर जायचं नाही. त्यावर बुवापाड्याला एकच औषध माहीत होतं. घरात भरणी घालायची आणि वर नवी लादी बसवायची. मे महिना लागला की लोक एकमेकांना पोरांचे मार्क विचारावेत तसं विचारायचे, "काय, यंदा किती इंच?"

धर्मराजनं यंदा पाच घेतले होते.

खरं तर दोघं जुने दोस्त. भगवान येवल्याकडचा, धर्मराज खेडकडचा. एकाच कारखान्यात, एकाच भोंग्यावर कामाला जाणारे. चौऱ्याहत्तर साली भगवाननं घर बांधलं तेव्हा पत्रे चढवायला धर्मराजच होता. रविवारी विहारात वंदनेला दोघं मांडीला मांडी लावून बसायचे. पण धर्मराजची जमीन पाच इंच वर गेली, ओटाही गेला, आणि त्याची बायको अंजनी सकाळी ओटा धुवायला लागली की सगळं पाणी तुंबलेलं गटार आणि रस्ता ओलांडून थेट भगवानच्या उंबऱ्याशी यायचं.

"धर्मराज, पाणी आवर जरा," भगवान म्हणाला.

"मी काय आवरू? पाणी काय मला विचारून वाहतं? उतार तुझ्याकडे आहे."

एवढंच झालं. पण त्या दिवसापासून दोघं विहारात मध्ये एक खांब सोडून बसायला लागले.

त्यात धर्मराजनं दाराला पडदा लावला. मोठमोठ्या गुलाबांचा. बुवापाड्यात दाराला पडदा म्हणजे केवढी मिजास! स्वतः धर्मराज संध्याकाळी कामावरून आला की ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा तो थेट झोपेपर्यंत, आणि झोपायचाही तिथंच, खाट टाकून. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर हलायचा नाही.

"बघ, बघ," भगवान बायकोला सांगायचा, "माझं घर किती खाली आहे ते बघत बसतो. पाच इंच काय वर गेला, स्वतःला कलेक्टर समजतो."

"त्यांना वारा लागत असेल," बकुळा म्हणायची. "पडदा मात्र छान आहे हो."

तर मे महिन्याच्या शेवटी भगवाननंही गवंडी बोलावला. धोंडिबा गवंडी. कानावर पेन्सिल, खिशात टेप, आणि तोंडात एकच वाक्य, "मालक बोलेल तसं." धोंडिबानं घर मापलं, दाराला खालून कापायची खूण मारली आणि कपाटापाशी येऊन थांबला.

या कपाटाची गोष्ट आधी सांगायला हवी. लोखंडी कपाट, एक्याऐंशी साली बोनसच्या पैशातून घेतलेलं, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून हातगाडीवर घातलेलं आणि मागून भगवान आणि धर्मराज या दोघांनी ढकलत आणलेलं. कपाट आधी आलं आणि त्याच्या डोक्यावरचा लाकडी माळा दोन वर्षांनी बांधला. माळा आणि कपाट यांच्यामध्ये दोन बोटं जागा. म्हणजे कपाट उचलायला वाव नाही. पुढे ओढून काढलं, तर जमीन वर आल्यावर ते परत माळ्याखाली जायचं नाही. आणि माळ्याशिवाय ठेवायचं तर दीड खोलीच्या घरात दुसरी भिंत कुठून आणायची?

"राहू दे जागेवर," धोंडिबा म्हणाला. त्यानं कपाटाखाली टेप घातली. "पाय साडेचार इंच आहेत. आपण भरणार तीन. दरवाजे दीड इंच वर राहतात. आरामात उघडतील. मी कपाटाच्या कडेकडेनं लादी बसवतो."

"शाब्बास!" भगवान म्हणाला.

बकुळा मात्र कपाटापुढच्या जमिनीकडे बघत होती. तिथं सिमेंटच्या कोब्यात एक पाऊल उमटलेलं होतं. चौऱ्याहत्तर साली कोबा ओला असताना अडीच वर्षांची सुनेत्रा आईच्या हातातून निसटून पळाली होती, तिचं. तेव्हाचा गवंडी थापी घेऊन पाऊल पुसायला निघाला होता, तर बकुळेनं त्याचा हात धरला होता. पंधरा वर्षं ती केर काढताना त्या पावलात झाडू हलका फिरवायची.

"तेवढं पाऊल ठेवता येईल का हो?" तिनं विचारलं.

"अगं, घर आहे की राणीच्या बागेतलं म्युझियम?" भगवान म्हणाला. "पाऊलवाली पोरगी बारावीला बसली. तिला जन्मभर घरात ठेवणार का? मग पाऊल कशाला ठेवायचं?"

बकुळा काही बोलली नाही. बकुळा काही बोलली नाही की भगवानला वाटायचं, पटलं. हा त्याचा गैरसमज लग्नापासूनचा होता.

लादी बसवून ती सुकेपर्यंत घरात राहता येणार नव्हतं. शिवाय सुनेत्राचा बारावीचा निकाल लागायचा होता, आणि त्यानंतर डी.एड.ला नंबर लागतो का ते बघायचं होतं. पोरगी शिक्षिका व्हावी हे बकुळेचं एकुलतं एक वेड. तिला स्वतःला चौथीतून काढलं होतं, धाकट्या भावंडांना सांभाळायला, आणि ते तिनं अजून कुणाला माफ केलं नव्हतं. तर मायलेकी दोघी बकुळेच्या माहेरी, बदलापूरला गेल्या. कपाटाची किल्ली बकुळेच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिबा भरणीची गाडी घेऊन हजर. भगवान डबा घेऊन कामाला निघाला होता. समोर ओट्यावर धर्मराज दात घासत बसलेला. धोंडिबानं भिंतीवर दोऱ्यानं तीन इंचांची खूण मारली ती त्याला उघड्या दारातून दिसली.

"तीनच?" धर्मराज म्हणाला. फक्त तीनच. तोंडात ब्रश असल्यामुळे ते "तीनत" असं ऐकू आलं, पण लागायचं ते लागलं.

कारखान्याचा पहिला भोंगा झाला. भगवान दोन पावलं गेला, परत फिरला, आणि धर्मराजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "धोंडिबा, सहा कर!"

"सहा? पण मालक, ते कपाट..."

"सहा म्हणजे सहा!"

धोंडिबानं कानावरची पेन्सिल काढली, खूण खोडली आणि वर नवी मारली. "मालक बोलेल तसं," तो म्हणाला.

काम झालं. लादी तर काय बसली होती! पांढऱ्यावर हिरवे-तांबडे ठिपके, एका रेषेत, पाणी ओतलं तर थेंब दाराकडे धावत जायचा. भगवान सकाळ-संध्याकाळ बाहेर उभा राहून लादीवर पाणी मारायचा आणि पहिल्यांदाच धर्मराजकडे बघून हसायचा. आता अंजनीनं ओटा धुतला तर पाणी रस्त्याच्या मधोमध येऊन कुठं जावं या विचारात थांबायचं. रात्री भगवान आपल्या ओट्यावर झोपायचा, धर्मराज त्याच्या. दोघं एकमेकांकडे पाठ करून.

कपाट उघडायचं काही कारण नव्हतं. किल्ली बदलापूरला होती.

बारावीचा निकाल लागला. सुनेत्रा फर्स्ट क्लास! कल्याणच्या एका अध्यापक विद्यालयातून मुलाखतीचं पत्रही आलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला मायलेकी बदलापूरहून आल्या. बकुळेच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत भावाच्या झाडाची जांभळं. बदलापूरची जांभळं ती, पिशवीच्या बुडाला जांभळा डाग पडलेला.

"काय लादी आहे!" बकुळा दारातच थांबली. "पाय ठेवायला भीती वाटते."

भगवान फुलून गेला. बकुळेनं चपला काढल्या, आत गेली, सुनेत्राचा उद्याचा ड्रेस काढायला कपाटाची किल्ली फिरवली, मूठ दाबली आणि दरवाजा ओढला.

दरवाजा एक सूतभर पुढे आला, आणि लादीला टेकून थांबला.

तिनं परत ओढला. भगवाननं ओढला. दोघांनी मिळून ओढला. मग भगवान खाली पोटावर झोपला आणि बघितलं. कपाटाचे पाय जमिनीत गेले होते आणि दरवाज्याचा खालचा दीड इंच लादीच्या पातळीखाली होता. पाटीवर मांडून ठेवल्यासारखं गणित त्याला समोर दिसलं. सहा वजा साडेचार.

"धोंडिबा गाढव आहे, सहा इंच भरलेत," तो म्हणाला.

"तीन इंच ठरलं होतं ना?" बकुळा म्हणाली.

भगवान उठून कपडे झटकायला लागला.

"सहा कुणी सांगितलं?"

"अगं, आता सहा झाले तर झाले. कपाट काय रोज लागतं का? लादी अजून ओली आहे, आता हात लावला तर सगळी हलेल. दिवाळीला बघू. सुनेत्राला ड्रेस नवीन घेऊ."

बकुळा खाली बसली. जांभळाची पिशवी तिनं मांडीवर घेतली. कपाटाकडे बघितलं, कपाटापुढच्या चकचकीत लादीकडे बघितलं, दारातून समोरच्या पडद्याकडे बघितलं, आणि पिशवीचं तोंड घट्ट वळून धरलं. मग म्हणाली, "सुनेत्राचे कागद आत आहेत."

"कुठले कागद?"

"दहावीचं मार्कशीट. शाळेचा दाखला. जातीचा दाखला. उद्या दहा वाजता कल्याणला अस्सल कागद दाखवायचे आहेत."

सुनेत्रा एकदम मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "बाबा, माझा नंबर जाणार. कागद नसतील तर बाहेर काढतात, त्या कुसुमच्या बहिणीला काढलं होतं." सतरा वर्षांची पोर, लहानपणी रडायची तशी, नाकातोंडातून.

कागद तर काढायलाच हवे. पण नवी लादी फोडायची? तीही धर्मराजसमोर? तो समोर ओट्यावर बसलाच होता. आज कारखान्याला सुट्टी.

"थांबा," भगवान म्हणाला. "कपाटवाल्यालाच आणतो. ज्यानं कपाट बनवलं त्याला ते उघडायची युक्ती माहीत असणारच." आणि तो रिक्षा करून उल्हासनगरला पळाला.

फर्निचर बाजारातल्या परमानंदशेठनं आठ वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक ओळखलं नाही, पण चहा मागवला.

"साईं, अलमारी में कुछ खराबी है?"

"अलमारी अच्छी है शेठ. जमीन में खराबी है." भगवाननं सगळं सांगितलं.

"ऊपर से पत्रा काट देते हैं," परमानंदशेठ म्हणाले.

"ऊपर माळा है."

"पीछे से?"

"पीछे दीवार."

"बाजू से?"

"एक बाजू दीवार, एक बाजू मोरी का कट्टा."

परमानंदशेठनं कपाळाला हात लावला. "साईं, अलमारी रखी है कि दफन की है?" मग त्यांनी आपल्याच दुकानाकडे बोट दाखवलं. "ये देखो. पहले लोग तीन पायरी चढ के मेरी दुकान में आते थे. अभी तीन उतर के आते हैं. मैंने तो फर्श ऊपर नहीं लिया. क्यों? मेरे सामनेवाले से मेरा झगडा नहीं है."

भगवाननं चहा एका घोटात संपवला.

"जाओ, फर्श तोडो," शेठ म्हणाले. "लादी फिर मिलेगी. बच्ची का साल नहीं मिलेगा."

चार वाजता भगवान घरी आला. सुनेत्रा अजून रडत होती. बकुळा पिशवी मांडीवर धरून तशीच बसली होती. धोंडिबाला शोधायला पाठवलेलं माणूस सांगत आलं की तो बदलापूरला स्लॅबच्या कामावर आहे, उद्या संध्याकाळशिवाय येत नाही. भगवाननं घरातली हत्यारं काढली. एक पकड, एक स्क्रू ड्रायव्हर आणि खिळे ठोकायची छोटी हातोडी. हातोडीनं लादीवर तीनदा मारलं. लादीला काही झालं नाही, हातोडीचा दांडा निसटून मोरीत गेला.

"धर्मराजभावजींकडे पहार आहे," बकुळा म्हणाली.

"त्याच्याकडे? मेलो तरी मागणार नाही."

"तुम्ही मेल्यावर पोरीला नोकरी लागेल का?"

भगवान मोरीतून दांडा काढायला वाकला. तेव्हा सुनेत्रा उठली, डोळे पुसले आणि सरळ रस्ता ओलांडून गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. फक्त दिसलं की धर्मराज खुर्चीवरून उठला, पडद्याआड गेला आणि खांद्यावर पहार टाकून बाहेर आला.

तो दारात आला. उंच माणूस, चौकटीखाली वाकूनच आत शिरला. कपाट बघितलं, लादी बघितली.

"खरंच सहा घेतलेस?"

"सहा," भगवान म्हणाला.

भगवानला वाटलं, आता हा हसणार. आता सबंध बुवापाड्याला आणि उद्या सबंध कारखान्याला कळणार. पण धर्मराज हसला नाही. त्यानं शर्ट काढून खुंटीला टांगला. "सुनेत्रा, बाजूला हो गो बाय. भगवान, तू पाणी आण. चार लाद्या काढायच्या, जास्त नको. कडेची सांध धरू, म्हणजे बाकीच्या हलायच्या नाहीत."

दोघं भिडले. एक पहार घालतोय, दुसरा लादी उचलतोय, घमेलं भरून भरणी ओट्यावर नेऊन टाकतोय. गेल्या तीन आठवड्यांत बोलले नव्हते तेवढे शब्द तासाभरात बोलून झाले, बहुतेक धोंडिबाला शिव्या. शेवटची विटांची खांडं निघाली आणि खाली जुना कोबा लागला. बकुळेनं पटकन पुढे होऊन पदरानं तिथली धूळ झटकली.

पाऊल होतं. छोटं, उजव्या पायाचं, करंगळी जराशी वाकडी. सुनेत्रा वाकून बघायला लागली. भगवानला एकदम ते आठवलं, ओल्या सिमेंटमधून ती कशी पळाली होती, आणि धर्मराजनं पत्र्यावरून उडी मारून तिला उचललं होतं, आणि तिचे पाय धुवायला अंजनी धावली होती. त्यानं घमेलं खाली ठेवलं.

"उघडा आता," धर्मराज म्हणाला.

दरवाजा कुरकुरत उघडला. भगवान आत हात घालणार तोच बकुळा म्हणाली, "सरका, ते सिमेंटचे हात लावू नका कागदांना!" ती पिशवी पदराखाली तशीच धरून खड्ड्यात उतरली, कमरेपर्यंत कपाटात शिरली, बराच वेळ आत साड्या सरकवल्याचा आवाज आला, आणि मग ती खाकी पाकीट घेऊन बाहेर आली. मार्कशीट, दाखला, जातीचा दाखला. सगळे. पाकिटाच्या कोपऱ्याला जांभळा डाग होता. शाई असेल, भगवानला वाटलं. त्या वेळी कोण डाग बघत बसणार?

सुनेत्रानं पाकीट छातीशी धरलं आणि धर्मराजच्या पाया पडायला वाकली. "अगं, मी काय केलं? बापानं केलं आणि बापानंच फोडलं," धर्मराज म्हणाला.

अंजनीनं चहा पाठवला. दोघं ओट्यावर भरणीच्या ढिगाशेजारी बसले. धर्मराजनं चहा बशीत ओतला. मग हळू म्हणाला, "भगवान, तुझ्याकडे करवत आहे का रे?"

"आहे. का?"

"दार कापायचंय. पाच इंच."

"कुठलं दार?"

"माझं. लादी बसवायला काढलं होतं. परत लावायला गेलो तर पाच इंच लांब. तीन आठवडे आत भिंतीला टेकवून ठेवलंय."

भगवान त्या गुलाबांच्या पडद्याकडे बघायला लागला. "म्हणून तो पडदा?"

"मग काय हौस होती?"

"आणि तू दिवसरात्र ओट्यावर..."

"घराला दार नाही रे! राखण कोण करणार?" धर्मराज म्हणाला. "सुतार आणला असता तर तू बघितलं असतंस. तू बघितलं असतंस तर विहारात सगळ्यांना सांगितलं असतंस."

"सांगितलं असतंच," भगवान म्हणाला, आणि मग जे हसू फुटलं ते दोघांनाही आवरेना. चहा सांडला. त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून दार आडवं टाकून कापलं आणि बिजागऱ्यांवर चढवलं. आणि पुढच्या रविवारी विहारात दोघांच्या मध्ये तो खांब राहिला नाही.

सुनेत्राचा नंबर लागला. धोंडिबा खड्डा बुजवायला आला तेव्हा बकुळेनं त्याला दारातच अडवलं. कपाट उघडायचं तर खड्डा हवाच, नाही का? मग बुजवण्याऐवजी धोंडिबानं खड्ड्याच्या कडा सिमेंटनं नीट बांधून दिल्या, तळाचं पाऊल तसंच ठेवलं. लोकांच्या घरात चढायला माळा असायचा, पगाऱ्यांच्या घरात उतरायला खड्डासुद्धा होता. नवा पाहुणा एकदा तरी त्यात पडायचाच. घरच्यांना मात्र अंधारातही पाय कुठं टाकायचा ते कळायचं. बकुळा त्यातला केर अजूनही हलक्या झाडूनं काढायची.

बघता बघता अठ्ठ्याण्णव उजाडलं. भगवानला चष्मा लागला. सुनेत्रा शिक्षिका होऊन सात वर्षं झाली होती. जूनच्या सुट्टीत ती आपल्या तीन वर्षांच्या मुलाला, सोमाला घेऊन आली, तेव्हा बुवापाड्यात रस्त्याचा आणखी एक थर पडून दोन्ही घरं पुन्हा खाली गेलेली. धोंडिबा टेप घेऊन दारात उभा होता.

"किती, मालक?"

"तू सांगशील तसं," भगवान म्हणाला. माणूस शिकतो. "फक्त खड्डा सोड."

"आता तो फूटभर होईल. पायरी लागेल त्याला."

"मग पायरी कर."

सोमा खड्ड्यात बसला होता. एका हातात जांभूळ, दुसरा हात त्या पावलात. मग त्यानं पावलात पाय घालून बघितला, बसला. थोडा मोठाच झाला, पण बसला. सुनेत्राला नोकरीच्या कामासाठी जुने दाखले हवे होते म्हणून बकुळेनं कपाटातून ते खाकी पाकीट काढून भगवानच्या हातात दिलं. सोमानं आजोबांच्या हातातलं काय ते बघायला आपला हात त्याच्यावर ठेवला. पाकिटावर जांभळ्या रंगाची बोटं उमटली.

भगवाननं चष्मा पुढे ओढला. नवा डाग बघितला. मग कोपऱ्यातला जुना डाग बघितला. एकच रंग. कपाटात किल्लीबंद असलेल्या पाकिटावर जांभूळ? त्यानं हिशोब लावला. कपाट पंधरा-वीस दिवस बंद होतं. जांभळं बदलापूरहून आली होती. त्याच दिवशी. पिशवीतून. जी पिशवी त्या सबंध दुपारभर हिनं मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"बकुळा!"

"काय?"

"हे कागद तेव्हा कपाटात नव्हतेच!"

बकुळा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "घरात गवंडी शिरणार, आणि मी पोरीचे कागद घरात ठेवून माहेरी जाईन होय?"

"अगं, मग माझी नवी लादी..."

"तुम्ही दिवाळीपर्यंत कपाट उघडलं नसतं. आणि मग धोंडिबानं कुठूनतरी दरवाजा कापून दिला असता, की पाऊल गेलं ते गेलंच."

"आई! मी किती रडले होते!" सुनेत्रा म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू रडली नसतीस. तू रडली नसतीस तर तुझा बाप उठला नसता, आणि भावजींची पहार आली नसती." बकुळेनं एक खडा काढून बाजूला टाकला. "पोरीला रडवलं त्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. भावजी समजले होते हो. ते त्याच दिवशी म्हणाले, वहिनी, कागदांना जांभळाचा वास येतोय."

भगवान उठला, ओट्यावर गेला. समोर ओट्यावर धर्मराज पेपर वाचत बसला होता.

"धर्मराज! तुला नऊ वर्षं ठाऊक होतं?"

"काय?"

"जांभळं!"

धर्मराजनं पेपराची घडी केली, हळूच उठला, वाकून आत गेला आणि दार लावून घेतलं. आतून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. दार मात्र काय झकास बसलं होतं चौकटीत! भगवाननंच कापलं होतं ते.